प्रायमरीत सिटिंग काँग्रेसमन खरंच हरतो का, आणि तुमच्यासारख्यानं त्यात पडावं का?

प्रश्न विचारणारे न्यू जर्सीत राहतात, सिटिझन होऊन फार दिवस झाले नाहीत. त्यांच्या डिस्ट्रिक्टचा डेमोक्रॅटिक काँग्रेसमन वर्षानुवर्षं निवडून येतोय, नोव्हेंबरमध्ये समोर कोणी टिकत नाही. आता त्याच पक्षातली एक तरुण उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्याच्याविरुद्ध उभी राहतेय, ती यांच्या दारी येऊन गेली, डोनेशनही मागितलं आणि शनिवार-रविवारही मागितले. मित्र म्हणतात नादी लागू नकोस, सिटिंग, म्हणजे आधीच पदावर असलेला, माणूस हरत नसतो. हे स्वतः कुठल्याच पक्षात रजिस्टर्ड नाहीत, मिसेस रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि वर हे महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर आहेत. तर करावं काय?

मी बरीच वर्षं इथल्या प्रायमऱ्यांमध्ये फील्डचं काम करतोय, म्हणजे याद्या काढायच्या, सह्या गोळा करायच्या, दारोदार माणसं पाठवायची, कधी सिटिंग माणसाकडून आणि कधी त्याच्या विरुद्ध. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या डिस्ट्रिक्टचं नाव तुम्ही दिलेलं नाही आणि ते न दिलेलंच बरं, पण त्यामुळे काही गोष्टी "अवलंबून आहे" असंच म्हणावं लागेल.

मित्रांचं म्हणणं आकड्यांत बघितलं तर बरोबर आहे. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, ४३५ जण, दर दोन वर्षांनी सगळ्यांची निवडणूक, आणि त्यातले प्रायमरीत हरलेले किती, तर २०१८ ला ४, २०२० ला ८, २०२४ ला ४. (२०२२ ला जास्त होते पण तेव्हा मतदारसंघ नव्यानं आखले गेले होते आणि काही ठिकाणी दोन सिटिंग मेंबर एकमेकांसमोरच आले, त्यामुळे ते साल बाजूला ठेवा.) पण हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या, की या ४३५ पैकी बहुतेक जागांवर समोर कोणी धड उभंच नव्हतं. नावापुरता एखादा उमेदवार, ना पैसे, ना माणसं, ना वेळ. त्या सगळ्यांना धरून टक्केवारी काढली की सिटिंग माणूस अजिंक्य दिसणारच. जिथं समोरचा तयारीनं उतरला होता तेवढ्याच जागा बघितल्या तर चित्र बरंच वेगळं दिसतं, तरीही पारडं सिटिंग माणसाकडेच जड, हे मी लपवणार नाही.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या सवयीमुळे प्रायमरीचं महत्त्व आपल्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. महाराष्ट्रात तिकीट कोणाला ते पक्षाचे नेते ठरवतात, ज्याला मिळालं नाही तो नाराज होतो, बंडखोरी करतो, अपक्ष फॉर्म भरतो, मग त्याची मनधरणी होते. इथं तिकीट द्यायचं कामच मतदाराकडे आहे, आणि बंडखोरी नोव्हेंबरच्या आधी, पक्षाच्या आत, रीतसर मतदानानं उरकून घेतात. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला मग नोव्हेंबरला अपक्ष म्हणून उभंही राहता येत नाही (कनेक्टिकटचे सिनेटर जो लिबरमन २००६ ला प्रायमरी हरूनही वेगळ्या नावाच्या पक्षाखाली उभे राहिले आणि जिंकले, पण ते त्या राज्याच्या कायद्यामुळे जमलं). तेव्हा तुमच्या डिस्ट्रिक्टसारख्या एकाच पक्षाच्या पक्क्या जागेवर नोव्हेंबरचं मतदान ही औपचारिकता असते, खरी निवडणूक जूनमध्येच होऊन जाते आणि आपले बहुतेक लोक त्या दिवशी नेहमीसारखे ऑफिसला गेलेले असतात.

आता मुद्द्यावर येतो. "तो हरू शकतो का" हा प्रश्न मला कोणी विचारला की मी म्हणतो तो प्रश्न जरा बाजूला ठेवा, आधी हे शोधा की जूनमध्ये मत द्यायला नक्की कोण येतं, किती येतं, आणि त्या बाईंना जिंकायला लागणारी माणसं कुठल्या गल्लीत राहतात. प्रायमरीचं सगळं गणित एवढ्याच प्रश्नावर उभं आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या, २०१८ चं न्यूयॉर्कचं १४ वं डिस्ट्रिक्ट, क्वीन्स आणि ब्राँक्सचा भाग, आपल्या लोकांचं जॅक्सन हाइट्स त्यातच येतं. जो क्रॉली दहा टर्मचे, हाउसमधल्या डेमोक्रॅट्सच्या नेतृत्वातले, शिवाय क्वीन्स काउंटीच्या पक्षाचे प्रमुख. २००४ नंतर त्यांना प्रायमरीत कोणी आव्हानच दिलेलं नव्हतं. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ समोर आली आणि २६ जूनला साधारण ५७ विरुद्ध ४३ टक्क्यांनी जिंकली. टीव्हीवर तेव्हा भूकंप वगैरे म्हणाले, पण मतं बघा ना, तिला १७,००० ला थोडी कमी आणि त्यांना १३,००० च्या आसपास, म्हणजे सात लाखांच्या वस्तीत एकूण मतदान ३०,००० च्या आतबाहेर. मुंबईत एखाद्या नगरसेवकाच्या वॉर्डात पडतील एवढी मतं! चार हजारांचा फरक. हे चार हजार लोक कुठल्याही लाटेत आपोआप येत नाहीत, कोणीतरी त्यांच्या दारावर जाऊन, एकदा नाही दोनतीनदा जाऊन, त्यांना तारीख सांगितलेली असते. आणि क्रॉलींकडून काय झालं, तर ते एका डिबेटला स्वतः गेलेच नाहीत, आपल्या जागी दुसऱ्या नेत्याला पाठवलं. ज्या दहा-पंधरा हजार लोकांना निवडणूक आहे हे माहीत असतं त्यांना असल्या गोष्टी बरोबर कळतात.

रिपब्लिकन बाजूनं हेच २०१४ ला व्हर्जिनियाच्या ७ व्या डिस्ट्रिक्टमध्ये झालं होतं आणि माझ्या मते फील्डवाल्यांनी ते उदाहरण जास्त अभ्यासावं. एरिक कँटर म्हणजे हाउसमधले मेजॉरिटी लीडर, पुढचे स्पीकर म्हणून नाव घेतलं जायचं. समोर डेव्ह ब्रॅट, एका छोट्या कॉलेजचा अर्थशास्त्राचा प्रोफेसर. कँटरच्या कॅम्पेननं पन्नास लाख डॉलरच्या वर खर्च केला, ब्रॅटनं जेमतेम दोन लाखांच्या आसपास. कँटरच्या स्वतःच्या पोलमध्ये ते ३४ पॉइंट पुढे होते आणि प्रत्यक्षात ११ पॉइंटनी हरले. पोल एवढा कसा चुकला? बरीच कारणं सांगितली जातात, पण एक आकडा मला फार बोलका वाटतो, त्या डिस्ट्रिक्टच्या २०१२ च्या प्रायमरीत ४७,००० च्या आसपास मतं पडली होती, २०१४ ला ६५,००० च्या आसपास. म्हणजे नेहमीचे लोक धरून जे गणित मांडलं होतं त्यात जवळजवळ अठरा हजार लोक नव्हतेच. पोलवाल्यांनी विचारलं एका गावाला आणि मतदानाला आलं दुसरंच गाव.

म्हणून मी म्हणतो की चॅलेंजर जिंकतो तेव्हा बहुतेक वेळा त्यानं नेहमीच्या मतदारांची मनं वळवलेली असतात त्याहून जास्त नवे मतदार आणलेले असतात. नेहमीच्या प्रायमरी मतदाराचं मन वळवणं फार कठीण. तो साठीच्या पुढचा असतो, पक्षाचा जुना माणूस असतो, काँग्रेसमनला नावानं ओळखतो. आणि त्याला कारणही असतं. काँग्रेसमनच्या लोकल ऑफिसचं काम आपण कमी लेखतो, पण पासपोर्ट अडकला, सोशल सिक्युरिटीचा चेक थांबला, आईच्या ग्रीन कार्डची फाइल महिनोन्महिने हलत नव्हती ती ऑफिसनं एक पत्र लिहिल्यावर हलली, अशी घरं प्रत्येक गल्लीत असतात. मी आपल्या लोकांच्या घरी जातो तेव्हा दहातल्या एका तरी घरी ही गोष्ट ऐकायला मिळते. अशा दारात उभं राहून "हा माणूस काही करत नाही" म्हणणाऱ्या व्हॉलंटियरनं ते मत तर घालवलंच, शेजारची दोन मतंही घालवली. तुम्ही फिरायला गेलात तर हे लक्षात ठेवा, त्या माणसाला मान देऊनच बोलायचं, "त्यांनी केलंय ते केलंयच, पण पुढच्यासाठी हिचं ऐकून तरी घ्या" एवढंच.

मग सिटिंग माणूस कधी कच्चा पडतो? माझ्या अनुभवात सगळ्यात पक्की खूण म्हणजे तो दिसत नाही. २०२० ला ब्राँक्स आणि वेस्टचेस्टरच्या १६ व्या डिस्ट्रिक्टमध्ये एलियट एंगेल, फॉरेन अफेअर्स कमिटीचे चेअरमन, कोविडच्या दिवसांत डिस्ट्रिक्टमध्ये फारसे दिसले नाहीत अशी टीका होत होती, आणि मग एका कार्यक्रमात बोलायला वेळ मागताना माइक चालू असल्याचं लक्षात न येता म्हणाले की प्रायमरी नसती तर मला काही पडलं नसतं. जमाल बोमन नावाच्या शाळेच्या प्रिन्सिपलनं त्यांना हरवलं. पण याच जागेची पुढची गोष्टही ऐका, कारण तुमच्या उमेदवारानं ती ऐकायला हवी. चार वर्षांनी २०२४ ला तेच बोमन सिटिंग होते आणि त्यांना जॉर्ज लॅटिमर या वेस्टचेस्टर काउंटीच्या एक्झिक्युटिव्हनं साधारण ५९ विरुद्ध ४१ नं पाडलं. त्यात इस्रायलच्या बाजूच्या आयपॅक या संघटनेच्या सुपर पॅकनं (उमेदवारापासून वेगळं राहून हवा तेवढा पैसा खर्चू शकणाऱ्या समितीनं) दीड कोटी डॉलरच्या घरात पैसा ओतला, हाउसची इतकी महागडी प्रायमरी त्याआधी झाली नव्हती. पण नुसत्या पैशानं झालं असं मी म्हणणार नाही, मतदारसंघाच्या सीमाही मधल्या काळात बदलल्या होत्या आणि लॅटिमरना वेस्टचेस्टरमध्ये घराघरात ओळखत होते. पैसा आणि ओळख एकत्र आली की सिटिंग असण्याचा फायदा फार उरत नाही.

आता आपल्या राज्याचं. न्यू जर्सीत एक गोष्ट नुकती बदललीय आणि तुमच्या मित्रांचं मत कदाचित जुन्या काळावर बेतलेलं असेल. आधी इथं "काउंटी लाइन" होती, म्हणजे काउंटीच्या पक्षानं ज्यांना पसंती दिली ते सगळे उमेदवार, वरच्या पदापासून गावच्या कौन्सिलपर्यंत, बॅलटवर एकाच रांगेत छापले जायचे आणि बाकीच्यांची नावं कुठेतरी लांब कोपऱ्यात. २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती. मतदार रांगेवरून बोट फिरवत जायचा आणि चॅलेंजरचं नाव त्याच्या नजरेलाच पडायचं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तेव्हा सिनेटसाठी उभे असलेले काँग्रेसमन अँडी किम यांच्या केसमध्ये फेडरल जज्जांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली आणि २०२५ ला कायदा करून ती कायमची काढली, आता पदानुसार नावं एकत्र येतात. हे चॅलेंजरसाठी फार मोठं आहे, मी याआधी कित्येक चांगली माणसं केवळ बॅलटवरच्या जागेमुळे खचलेली बघितलीत.

पण लाइन गेली म्हणून यंत्रणा गेली असं नाही. लगेच २०२४ च्याच जूनमध्ये ८ व्या डिस्ट्रिक्टमध्ये रॉब मेनेंडेझ यांच्यासमोर होबोकेनचे मेयर रवी भल्ला उभे होते. मेनेंडेझांचे वडील सिनेटर, त्यांच्यावर फेडरल खटला चालू, मुलाची ही पहिलीच टर्म, भल्लांकडे पैसाही होता आणि मेयर म्हणून नावही होतं. सगळं जुळून आलं होतं म्हणा ना. तरी मेनेंडेझ निम्म्याहून जास्त मतं घेऊन आरामात जिंकले, कारण बाकीच्या गावांचे मेयर, युनियन, काउंटी कमिटीची माणसं त्यांच्याकडे होती आणि भल्लांची ताकद होबोकेनच्या आसपास जास्त होती. म्हणून तुमच्या उमेदवाराला हे विचारा की तुमचं स्वतःचं गाव सोडून दुसऱ्या गावात तुमचं कोण आहे. उत्तर देताना ती चाचपडली तर समजून जा.

तिला विचारायच्या गोष्टी अजून आहेत आणि पैसे देण्याआधी विचारायलाच हव्यात, त्यात संकोच करू नका. एक म्हणजे व्होट गोल, जिंकायला किती मतं लागतील असं तिला वाटतं. हा आकडा तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. "खूप लोकांचा पाठिंबा मिळतोय" हे उत्तर मी उत्तर धरत नाही. पुढचा प्रश्न, शर्यतीत अजून कोण आहे. बऱ्याच राज्यांत प्रायमरीत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो, निम्मी मतं लागत नाहीत, आणि न्यू जर्सीत हेच आहे. सिटिंग माणसावर नाराज असलेले निम्म्याहून जास्त असले तरी ते तीन चॅलेंजरमध्ये वाटले गेले की तो ४० टक्क्यांवरही बसून राहतो. डेट्रॉइटच्या १३ व्या डिस्ट्रिक्टमध्ये आपले श्री ठाणेदार, चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले, २०२२ ला पहिल्यांदा उमेदवार झाले ते सुमारे २८ टक्के मतांवर, कारण मैदानात बरेच उमेदवार होते. तेव्हा ती जागा रिकामी होती, सिटिंग कोणी नव्हतं, पण गणित तेच. टेक्ससमध्ये उलट आहे, तिथं निम्मी मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत रनऑफ म्हणजे पुन्हा मतदान होतं, त्यामुळे २०२२ ला २८ व्या डिस्ट्रिक्टमध्ये सिटिंग हेन्री क्वेयार आणि चॅलेंजर जेसिका सिस्नेरोस यांचा निकाल रनऑफमध्ये, रिकाउंटनंतर, २८९ मतांवर आला. दोनशे एकोणनव्वद! चॅलेंजर हरली. एवढी मतं एका बऱ्यापैकी अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये असतात.

आणि सह्या. याकडे लोक फार दुर्लक्ष करतात म्हणून जरा थांबून सांगतो. बॅलटवर नाव यायला ठराविक मतदारांच्या सह्या लागतात, आकडा राज्यागणिक वेगळा. पुन्हा ठाणेदारांचंच उदाहरण, २०२४ ला ते सिटिंग होते आणि त्यांच्यासमोरचे तगडे उमेदवार ॲडम हॉलियर, माजी स्टेट सिनेटर, २०२२ ला दुसऱ्या नंबरवर आलेले. मिशिगनमध्ये लागतात १,००० सह्या. ठाणेदारांच्या बाजूनं हरकत घेतली, काउंटी क्लार्कनं तपासल्या, धड निघाल्या ८६३, आणि हॉलियर बॅलटवरून बाहेर. मत पडायच्या आधीच सामना संपला. शेवटी ठाणेदार सुमारे ५५ टक्क्यांनी जिंकले, पण ज्याच्याशी खरी लढत व्हायची तो मैदानातच नव्हता. सह्या गोळा करायचं काम बाहेरच्या कंत्राटी माणसांवर सोडलं आणि स्वतः तपासलं नाही की असं होतं. आणि हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही, त्याच डेट्रॉइटमध्ये २०१४ ला जॉन कॉन्यर्स, १९६५ पासून काँग्रेसमध्ये असलेला माणूस, सह्या गोळा करणारे स्वतः मतदार म्हणून नोंदलेले नव्हते या कारणावरून बॅलटबाहेर गेले होते, फेडरल कोर्टानं त्यांना परत आत घेतलं. मी ज्या कॅम्पेनवर असतो तिथं माझा नियम असा, लागतात त्याच्या दुपटीहून जास्त सह्या घ्यायच्या आणि रोज रात्री त्या दिवशीच्या सह्या व्होटर लिस्टशी ताडून बघायच्या. पत्ता जुना, नाव वेगळ्या स्पेलिंगनं, सही इंग्रजीत आणि नोंद दुसऱ्या तऱ्हेची, पक्ष दुसराच. आपल्या लोकांच्या नावात हे फार होतं, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कधी असतं कधी नसतं. तुम्हाला वेळ कमी असेल तर हेच काम मागून घ्या, घरी बसून करता येतं आणि फार थोडे लोक ते मन लावून करतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, हरवणं कठीण आहे पण मतांचा आकडा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप लहान असतो, आणि तो आकडा, सह्या, बाकीचे उमेदवार आणि इतर गावातली माणसं, एवढ्या चार गोष्टींची तिची तयारी कळली की तुमच्या मित्रांपेक्षा तुम्हाला जास्त कळलेलं असेल.

पैशाबद्दल. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपर्यंत देता येतात, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळे धरतात. २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव, गाव, कुठं नोकरी करता हे सगळं फेडरल इलेक्शन कमिशनच्या वेबसाइटवर कोणालाही दिसतं, आणि ॲक्टब्लूवरून (डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी ऑनलाइन देणग्या घेणाऱ्या साइटवरून) दिलेत तर छोटी रक्कमसुद्धा दिसते. सिटिंग माणसाच्या ऑफिसशी तुमचं काम पडत असेल तर हे डोक्यात ठेवा, घाबरायचं कारण नाही पण माहीत असावं. ग्रीन कार्डवाले पैसे देऊ शकतात, मत देऊ शकत नाहीत. एच-वन-बी वाल्यांनी एक डॉलरही द्यायचा नाही, बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून काम करायला हरकत नाही पण पैशाचे आणि कॅम्पेनचे निर्णय घेण्यात पडायचं नाही. आणि हे मी आपल्या धंदेवाल्या मंडळींना दरवेळी सांगतो, कंपनीच्या खात्यातून चेक देऊ नका, आणि मेव्हण्याच्या किंवा कामावरच्या माणसाच्या नावानं पैसे देऊन त्याला नंतर भरून देऊ नका, तो सरळ गुन्हा आहे आणि त्यात लोक तुरुंगात गेलेत.

पण तुमच्याकडून तिला जो खरा फायदा आहे तो पैशाचा नाहीच. व्होटर लिस्ट उघडून बघा, उमेदवाराकडे ती असतेच. कोणाला मत दिलं हे त्यात नसतं, पण कुठल्या निवडणुकीला गेलात हे असतं. आपल्या आडनावांची माणसं काढा, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जाधव, शाह, पटेल, रेड्डी, सगळीच. मी जिथं जिथं हे केलंय तिथं एकच चित्र दिसतं, नोव्हेंबरला अध्यक्षपदाच्या वेळी सगळी घरं हजर आणि जूनला जवळजवळ कोणी नाही. विचारलं तर म्हणतात, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि हे खोटं नसतं, कारण कॅम्पेनवाले पैसे वाचवायला फक्त नेहमीच्या प्रायमरी मतदारांचीच दारं वाजवतात, जो गेला नाही त्याला कोणी बोलावत नाही आणि बोलावत नाही म्हणून तो जात नाही. हे चक्र तुम्ही तोडू शकता, कारण तुम्ही दार वाजवलंत तर उघडलं जातं. अनोळखी कार्यकर्त्याला आपली माणसं रिंग डोअरबेलच्या कॅमेऱ्यातूनच परत पाठवतात.

यात एक बारीक गोष्ट. आपल्या घरांत आजी-आजोबांना विसरू नका. मुलांकडे राहायला आलेले, आता सिटिझन झालेले, मतदार म्हणून नोंदलेले, दुपारभर घरात असतात, पोस्टानं येणारं बॅलट वेळेवर भरून पाठवायला त्यांच्याइतकं शिस्तीचं कोणी नाही, आणि मराठीत दोन वाक्यं बोललात की बसायला सांगतात. अशी चार घरं केलीत तर पोस्टानं पाठवलेल्या मोठ्या प्रचारपत्रकापेक्षा जास्त मतं येतील, हे मी खात्रीनं सांगतो.

आता ती हरली तर सगळं वाया का? माझं प्रामाणिक मत, नाही, पण तिनं दुसऱ्यांदा उभं राहायची तयारी ठेवली असेल तर. रो खन्नांचं बघा, २००४ ला टॉम लँटोस यांच्याविरुद्ध प्रायमरी हरले, २०१४ ला सिलिकॉन व्हॅलीच्या १७ व्या डिस्ट्रिक्टमध्ये माइक होंडांकडून नोव्हेंबरला थोडक्यात हरले (कॅलिफोर्नियात प्रायमरीतले पहिले दोघे नोव्हेंबरला पुढे जातात, एकाच पक्षाचे असले तरी), आणि २०१६ ला त्याच होंडांना ६१ विरुद्ध ३९ नं हरवलं. इलिनॉयमध्ये मेरी न्यूमन २०१८ ला डॅन लिपिन्स्कींकडून दोनेक टक्क्यांनी हरल्या आणि २०२० ला जिंकल्या. पहिल्या वेळी याद्या, नावाची ओळख आणि माणसं तयार होतात, दुसऱ्या वेळी ती कामाला येतात. तिला हेही विचारून घ्या.

आणि दुसरी बाजूही सांगतो, सिटिंग माणूस नुसता जुना आहे म्हणून त्याला काढावा असं मी मानत नाही. काँग्रेसमध्ये कमिटीतली ज्येष्ठता खरी ताकद असते, राज्याला निधी, पूल, रेल्वे बोगदा यांत ती कामाला येते आणि नवा माणूस आला की ती शून्यापासून सुरू होते. तेव्हा त्यांनाही ऐका, त्यांच्या टाउन हॉलला, म्हणजे मतदारांशी होणाऱ्या जाहीर बैठकीला, जा. टाउन हॉल होतच नसतील तर तेही उत्तरच आहे. आव्हान मिळालं की बरेच सिटिंग मेंबर अचानक गावात दिसू लागतात, फोन उचलतात, आपल्या कार्यक्रमांना येतात, मला त्यात आनंदच वाटतो, मतदारांना हवं होतं तेच मिळालं ना.

मंडळाचं. बहुतेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त ५०१-सी-३ संस्था आहेत, तुमचंही तसं असेल तर मंडळाच्या नावानं, ईमेल लिस्टवरून, गुढीपाडव्याच्या स्टेजवरून कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, त्यानं मंडळाचा दर्जा धोक्यात येतो. एकीला बोलावलंत तर दुसऱ्यालाही तेवढ्याच मानानं बोलवा. मतदार नोंदणीचं टेबल लावा, जूनची तारीख सगळ्यांना सांगा, यात काही अडचण नाही. तुम्ही स्वतःच्या नावानं, स्वतःच्या वेळेत काय करता तो तुमचा प्रश्न, फक्त कमिटीची लिस्ट त्यासाठी वापरू नका, यावरून मंडळं फुटलेली मी पाहिलीत.

तुम्ही कुठल्याच पक्षात नाही ते न्यू जर्सीत चालतं, प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर डेमोक्रॅट म्हणून नाव लावून तिथंच मत देता येतं. पोस्टानं मत द्यायचं असेल तर मात्र पक्षाचा फॉर्म आधी भरावा लागतो. मिसेसचं वेगळं आहे, त्या रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या आहेत तर डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायला पक्ष बदलाचा फॉर्म प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पोचलेला असला पाहिजे, त्यानंतर काही करता येत नाही. प्रायमरी जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते, म्हणजे एप्रिल उजाडला की मुदत संपतच आली. त्यांना बदलायचाय की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू दे, रिपब्लिकन प्रायमरीतही त्यांचं मत तितकंच मोलाचं आहे, पण तारीख मात्र आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.